बंदुकीचं सोवळं

सुरुवात भाच्याच्या मोटारसायकलीपासून झाली. मे महिन्याच्या भर दुपारी तो नागपूरहून ती उडवत लाखनीला आला, उड्डाणपुलाखालून वळला, आमच्या अंगणात शिरला आणि पिण्यासाठी दिलेलं पेलाभर पाणी त्याने गाडीच्या टाकीवर ओतलं. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उन्हातून आलेल्या बैलाला आम्हीही आधी पाणी दाखवतो. पण ते पाणी टाकीवर पसरलंच नाही. त्याचे मोती झाले आणि ओळीने घरंगळत मातीत गेले. भाच्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पाण्याचा शोध त्यानेच लावला असावा.

"मामा, सिरॅमिक मारलं."

"कोणाला?"

"गाडीला हो. नाइन एच!"

ज्याचा जन्म शाळेत गेला त्याला नाइन एच म्हटलं की नववीची आठवी तुकडी आठवते आणि त्या तुकडीत कोण बसतं तेही आठवतं. भाच्याने खुलासा केला, की हा एच पेन्सिलीचा. चित्रकलेला बी, भूमितीला एच, तोच. सगळ्यांत कठीण पेन्सिल नाइन एच, आणि ती ओढूनही ज्या लेपावर ओरखडा उठत नाही तो लेप नाइन एच.

"म्हणजे गाडीवर कोणी पेन्सिलीने नाव कोरू शकणार नाही, एवढंच ना? आमच्या शाळेत पोरं कर्कटकाने कोरायची."

भाच्याने ते ऐकलं नाही.

"आणि टिकतं किती?"

"तीन वर्षं. गॅरंटी."

"गाडीचं कर्ज किती वर्षांचं?"

"चार," तो म्हणाला आणि घरात गेला.

जाता जाता त्याची नजर ओसरीच्या आतल्या भिंतीवर गेली. त्या भिंतीवर साखळी-कुलपात आमची बंदूक असते. तिच्यावर कोणी पाणी ओतलं असतं तर मोती झाले नसते. ती सगळं पाणी प्यायली असती.

ही बंदूक आजोबांची. एकनळी, ठासणीची. आमच्याकडे हिला भरमार म्हणतात. भरमार म्हटलं की माणसाला वाटतं गोळ्यांचा पाऊस पडत असेल. तसं काही नाही. भरायची आणि मारायची म्हणून भरमार, आणि त्यातला सगळा जोर भरण्यावर. आधी नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी कोंबायची, लांब गजाने ठासायची, मग छर्रे, परत चिंधी, परत गज, मग घोड्याखाली टोपी बसवायची, आणि एवढं झाल्यावर शत्रू कुठे आहे ते बघायचं. शत्रू म्हणजे रानडुक्कर. नागझिऱ्याचं जंगल आमच्यापासून लांब नाही आणि जंगलातल्या डुकरांना आमच्या धानाच्या बांध्या त्याहून जवळच्या वाटतात. पीकसंरक्षणासाठी म्हणून आजोबांना परवाना मिळाला होता. पण डुक्कर काही अडाणी नसतं. पहिली दारू ओतल्याचा आवाज आला की ते जेवायला सुरुवात करायचं आणि टोपी बसेपर्यंत हात धुऊन शेजारच्याच्या बांधीत गेलेलं असायचं. शेवटी आजोबा आकाशात बार काढायचे. त्याने डुकरं पळायची नाहीत, पण गावाला कळायचं, की आज डुकरं आमच्याकडे आली होती.

आजोबांमागे वारसाहक्काने परवाना वडिलांकडे आणि वडिलांमागे माझ्याकडे आला. माझ्या हातून तिचा एकही बार निघालेला नाही. पण म्हणून ती रिकामी बसली आहे असं समजू नका. तिला दोन सरकारी कामं आहेत. एक नूतनीकरण. पूर्वी ते दर तीन वर्षांनी असायचं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी असतं. दुसरं निवडणूक. आचारसंहिता लागली की शस्त्रं ठाण्यात जमा करायची असतात. त्यामुळे निवडणूक कुठलीही असो, तिकीट सगळ्यांत आधी आमच्या बंदुकीला मिळतं. ती जाते, मतदान होतं, निकाल लागतो, आणि ती परत येते. पडलेल्या उमेदवारांपेक्षा तिच्या चेहऱ्यावर जास्त गंज असतो, पण तो तिकडे लागला असं मी म्हणणार नाही. तो आमच्याकडूनच गेलेला असतो.

आमच्या भंडारा जिल्ह्यात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. तळ्यांचा जिल्हा म्हणून आमचं कौतुक होतं, ते ठीकच आहे. पण तळी भरताना भिंतीही भरतात. ज्या ओलीवर बांधीतला धान पोसतो, त्याच ओलीवर ओसरीतला गंज पोसतो. धानाला निदान रोवणी करावी लागते. गंज आवत्याचा, रोवणीशिवाय उगवतो.

"मामा," भाचा बंदुकीवर बोट फिरवत म्हणाला. बोट विटकरी झालं. "हिलाही सिरॅमिक मारू."

मग त्याने मोबाइलवर मला अमेरिका दाखवली. तिथे ओरेगॉन राज्यात व्हाइट सिटी नावाचं गाव आहे आणि तिथली एक कंपनी सेराकोट नावाचा लेप करते. हौशी लोक बंदुकीचे लोखंडी भाग सुटे करतात, गॅरेजमध्ये बसून त्यांच्यावर हा लेप फवारतात आणि छोट्या भट्टीत भाजतात. लेपाची जाडी साधारण २५ मायक्रॉन. माणसाचा केस याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतो. एवढ्या पातळ पापुद्र्यावर पाणी, घाम, मीठ, ओरखडे यांचं काही चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. रंगही वाटेल तो. एकाने आपली बंदूक गुलाबी केली होती. आमच्या डुकरांनी ती पाहिली असती, तर हसून तरी पळाली असती.

आई तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "सिरॅमिक म्हंजे का गा?"

"चिनी माती, आजी. तसलंच काहीतरी."

"बंदुकीले चिनी माती लावता?" आईने सूप खाली ठेवलं. "मंग तिच्यात लोनचं घाला."

भाचा हसला. मी हसलो नाही, कारण आईच्या बोलण्यात विज्ञान असतं, फक्त ते उशिरा कळतं. आमच्या घरात तीन पावसाळ्यांच्या वर टिकलेली, बुरशी न धरलेली, गंज न लागलेली वस्तू म्हणजे लोणच्याची बरणी. कारण भाजलेल्या मातीला गंजायला काही उरलेलंच नसतं. लोखंडाला हवा आणि पाणी मिळालं की ते परत खाणीतल्यासारखं लाल व्हायला बघतं. गंज म्हणजे लोखंडाला झालेली माहेरची आठवण. माती मात्र आधीच माहेरी असते. म्हणून या लेपात राळेसारखं एक पॉलिमर असतं आणि त्यात सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण. राळ धरून ठेवते, कण झिजू देत नाहीत. म्हणजे बंदुकीची बरणीच करायची, फक्त केसाहून पातळ.

मी शिक्षक. कायदा वाचल्याशिवाय मी पतंगही उडवत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याप्रमाणे विनापरवाना शस्त्र बनवणं, विकणं तर सोडाच, दुरुस्त करणंही चालत नाही, आणि शस्त्रावरचा क्रमांक पुसणं हा तर सरळ गुन्हा. आता लेप ही दुरुस्ती की सौंदर्यप्रसाधन? मी नागपूरला जाऊन एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला विचारलं. वयस्कर गृहस्थ. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. घटस्फोटाचा सल्ला विचारणाऱ्याकडे जुने वकील असंच बघतात.

"मास्तर, नळीला हात लावू नका. घोड्याला लावू नका, चापाला लावू नका. नंबरवर तर माशीही बसू देऊ नका. ते काम इथे येईल, नोंद करून येईल."

"मग घरी काय करू?"

"तेल पुसा."

"तेल तर पुसतोच. लेपासाठी काहीच नाही?"

त्यांना माझी दया आली असावी. "दस्त्याच्या टोकाला ती लोखंडी पट्टी असते ना, खांद्याला लागते ती? दोन स्क्रूंवर असते. तिने ना बार निघतो, ना अडतो. ती काढा, रंगवा, भाजा, खा. हौस भागली पाहिजे."

अशा रीतीने आमचा प्रकल्प एका तळहाताएवढ्या पट्टीवर आला. पट्टीबरोबर गजही भाजून घ्यावा असं मला वाटत होतं, पण गज साडेतीन फूट आणि बायकोची भट्टी दीड फूट. भट्टी म्हणजे मुलीने पाठवलेला ओव्हन. त्यात आजवर दोनदा केक आणि एकदा नानकटाई झाली होती. नानकटाईचा प्रयोग केकहून यशस्वी झाला, कारण ती आधीपासूनच कडक असते.

"भट्टीत काय ठेवणार?" बायकोने विचारलं.

"एक पट्टी. तासभर."

"कसली?"

"लोखंडाची."

"धुऊन ठेवणार ना?"

या प्रश्नाला मी इतक्या ठामपणे "हो" म्हणालो, की पुढे तो शब्द मला महाग पडला. पण तेव्हा मला लेपाच्या सूचना वाचायच्या होत्या.

सूचना पाहिल्या आणि थक्क झालो. मला वाटलं होतं, डबा उघडायचा, ब्रश बुडवायचा, लावायचं. आमच्या शाळेचे बाक दर दिवाळीत असेच व्हायचे. इथे फवारणी शेवटून दुसऱ्या पायरीवर होती. त्याआधी सगळं धुणंच धुणं. पट्टी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून तेलकटपणा काढायचा. मग तिला उघड्या हाताने शिवायचं नाही, हातमोजे घालायचे, कारण बोटाच्या ठशातल्या तेलावरही लेप धरत नाही. मग तारेला टांगायची. मग दीडशे अंशांवर तासभर तापवायची, म्हणजे लोखंडाच्या पोटात मुरलेलं तेल वर येतं. आलं तर परत अ‍ॅसिटोन, परत तापवणं, असं करत तेल यायचं थांबेपर्यंत. मग बारीक कठीण वाळूचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत करायचा. परत शिवायचं नाही. मग अठरा भाग लेपात एक भाग हार्डनर, मापून, अंदाजपंचे नव्हे. तोंडाला मास्क. फवारणी. आणि शेवटी १२१ अंशांवर दोन तास. आमच्या नवतप्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, म्हणजे साधारण सदतीस टक्के काम निसर्गाने मोफत करून ठेवलेलं असतं, पण उरलेलं भट्टीनेच करायचं.

मी हे मोठ्याने वाचत होतो. आई ऐकत होती. 'शिवायचं नाही' दुसऱ्यांदा आलं तेव्हा ती म्हणाली, "हे तं सोवळं आहे."

आणि खरंच होतं. आंघोळ, मग कोणाला न शिवता तारेवर वाळत घातलेलं वस्त्र, मग अग्नी, मग परत आंघोळ, मोजून मापून नैवेद्य, आणि दोन तास कोणी दार उघडायचं नाही. व्हाइट सिटीच्या लोकांनी डॉलर घालून जे शोधलं ते आमच्या आजीला ताकाच्या भांड्यापाशी माहीत होतं. फरक इतकाच, की आजीला कारण विचारलं की ती रागवायची आणि कंपनीला विचारलं की ती तक्ता दाखवते.

तिथून आईने सूत्रं हातात घेतली. ज्या कामात शिवाशीव चालत नाही त्यात पुरुषांना ठेवून उपयोग नाही, हा तिचा अनुभव.

अ‍ॅसिटोन आणायचं काम मात्र माझ्याकडे आलं. हार्डवेअरवाला म्हणाला, संपलं. भाचा म्हणाला, नेलपॉलिश काढायच्या द्रवातही तेच असतं. मी बाजारात गेलो आणि बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात, माझ्याच एका माजी विद्यार्थिनीकडे, नेलपॉलिश रिमूव्हरच्या बारा बाटल्या मागितल्या. तिने दहावीचा निकाल ऐकताना जसा श्वास धरला होता तसाच धरला.

"सर, बारा?"

"हो. बंदुकीला लागतं."

हे उत्तर द्यायला नको होतं. संध्याकाळपर्यंत लाखनीत आणि रात्रीपर्यंत शेजारच्या मुरमाडीत मास्तरांच्या बंदुकीच्या नखांची बातमी पोचली. घरी येऊन भाच्याने बाटली उलटी करून वाचली, तर त्यात अ‍ॅसिटोन नव्हतंच. वर सुगंध आणि जीवनसत्त्व होतं. खरं अ‍ॅसिटोन त्याने दुसऱ्या दिवशी नागपूरहून आणलं, आणि लेपाची लहानशी बाटली, हार्डनर, फवारायचं पेनएवढं यंत्र असं सगळं एका गाड्या रंगवणाऱ्या मित्राकडून मागून आणलं. अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं, म्हणून ते अंगणात, चुलीपासून लांब ठेवलं. पट्टी त्यात उतरली. अ‍ॅसिटोन चहासारखं झालं.

धुलाई चालू असताना मला कल्हईवाला आठवला. भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पितळेत आंबट ठेवता येत नाही, हे पितळ करणाऱ्यांनाही माहीत असतं. म्हणून वर्षातून एकदोनदा कडुनिंबाखाली कल्हईवाला बसायचा. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, बाजूला भाता. भांडं आधी घासघास घासायचं, मग तापवायचं, मग नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर उठला की आम्ही पोरं खोकत मागे सरायचो आणि परत पुढे यायचो. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे तापलेल्या भांड्याला त्याची कांडी नुसती टेकवली तरी पुरे. कापसाच्या बोळ्याने एक गोल फिरवला, की पिवळं भांडं आतून चांदीचं. मग पाण्यात बुडवलं, की चर्र! तो चर्र ऐकण्यासाठी आम्ही शाळा बुडवायचो.

पायऱ्या त्याच होत्या. घासणं, तापवणं, मैल जाळणं, पातळ थर, थंड करणं. नवसागर करतो तेच काम अ‍ॅसिटोन आणि वाळू करतात. धातूला उघडं पाडतात, म्हणजे नवीन थराला धरायला जागा होते. फक्त कल्हईवाल्याने कधी तीन वर्षांची गॅरंटी दिली नाही. दिली असती तर त्याने खाल्लं काय असतं? कल्हई उडायची हे गृहीत होतं. ती उडाली की तो यायचा, आणि आला की घराघरांतली ख्यालीखुशाली एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली जायची.

बंदुकीचा मूळचा काळा रंगही कोणी लावलेला नव्हता, हे मला त्याच दिवसांत कळलं. जुने कारागीर लोखंडाला मुद्दाम गंज चढवायचे, मग उकळत्या पाण्यात धरायचे, म्हणजे लाल गंजाचा काळा गंज होतो. तो पुसून परत गंज, परत उकळणं, असं किती तरी वेळा. लाल गंज पापुद्र्याने सुटतो, काळा घट्ट बसतो. म्हणजे गंजालाच पहारेकरी नेमायचं. पण हा पहारेकरी आळशी. एकट्याच्या भरवशावर तो फार काही अडवत नाही, तेल मात्र छान धरून ठेवतो. तेल पुसणारा हात थांबला, की पहाराही उठला. आमच्याकडे तो हात कधी थांबला, हे मला नीट माहीत होतं. सेवानिवृत्तीनंतर मी रोज व्हॉट्सअ‍ॅप पुसत होतो.

रविवारी बायको शेजारी हळदीकुंकवाला गेली, तेव्हा आम्ही पट्टी भट्टीत टाकली. आईने चिमट्याने धरून तारेला अडकवली. मी काटा दीडशेवर नेला. भाच्याने मोबाइलवर तास लावला. आम्ही तिघं भट्टीच्या काचेसमोर बसलो. एवढ्या एकाग्रतेने आमच्या घरी कधी केकही पाहिला नव्हता.

वीस मिनिटं काही झालं नाही. मग पट्टीच्या कडेला, स्क्रूच्या भोकापाशी, घामासारखा एक थेंब आला. मग दुसरा. तपकिरी, दाट. भाचा खूश झाला. "बघा मामा, पोटातलं तेल बाहेर येऊन राहिलं." आणि मग वास आला.

तो जळका वास नव्हता. आधी भाजलेल्या दाण्यासारखा, मग जुन्या लाकडासारखा, मग कुठल्याशा ओल्या गोणपाटासारखा. मला तो ओळखता येत नव्हता आणि तरी मी तो ओळखत होतो. आईने डोकं वर केलं, दाराकडे पाहिलं आणि पदर डोक्यावरून नीट केला.

"मामाजी आले का?" ती म्हणाली.

आजोबांना जाऊन खूप वर्षं झाली. पण सासऱ्यांचा वास आला की पदर वर जातो, हे तिच्या हातांना अजून पाठ होतं. तो वास जवसाच्या तेलाचा होता. धान निघाला की आमच्या बांध्यांत लाखोरी आणि जवस पेरतात, त्या घरच्या जवसाचं तेल. दर दसऱ्याला शस्त्रपूजेच्या आधी आजोबा बंदूक मांडीवर आडवी घेऊन तिच्या दस्त्याला हे तेल चोळायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला ते बैलांचे खांदे लोण्या-हळदीने चोळत, अगदी त्याच हाताने, त्याच गतीने. बैलाचा खांदा वर्षभर जू वाहतो, आणि ही पट्टी खांद्यावर टेकते. त्यांच्या लेखी हिशेब सरळ होता. पट्टीखालच्या लाकडात ते तेल वर्षानुवर्षं मुरत गेलं, लाकडातून लोखंडाच्या फटीत उतरलं, आणि आज दीडशे अंशांवर बाहेर येऊन ओसरीत उभं राहिलं.

जवसाचं तेल नुसतं तेल नसतं. हवेतला ऑक्सिजन घेत ते हळूहळू घट्ट होतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पातळ थराची कडक साय बनते. युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं याच तेलात रंग कालवले. जगभरच्या बंदुकांचे दस्ते याच तेलाने राखले गेले. आईचा लोखंडी तवा काळा कुळकुळीत असतो तोही याच न्यायाने. तेल लावून तापवणं, परत लावणं, परत तापवणं, शेवटी त्याला पाणी धरत नाही. म्हणजे पॉलिमरचा लेप आणि भट्टीतली भाजणी आमच्या घरात चाळीस वर्षं चालू होती. तिला आम्ही भाकरी म्हणत होतो. तेलाने भिजलेलं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप पेटू शकतं, हेही मला परवा कळलं. आई ते नेहमी दोरीवर पसरून टाकते. कारण विचारलं तर म्हणते, "मामाजी तसेच टाकत."

"आता परत धुवायची," भाचा म्हणाला. "तेल यायचं थांबेपर्यंत. नाहीतर लेप धरणार नाही."

आई काही बोलली नाही. मीच बोललो. "किती वेळा धुवायचं?"

"पूर्ण निघेपर्यंत."

प्रश्न मला तेव्हा कळला. लेप चांगला होता, खोटा नव्हता, पण त्याची अट एकच होती, की आधी कोणी हात लावलेला असेल तर तो हात पूर्ण पुसून टाका. अगदी खोलवरचाही. नव्या गाडीला हे सोपं असतं, तिला कोणी हात लावलेलाच नसतो, बँकेशिवाय. आमच्या पट्टीतून मात्र आजोबा थेंबाथेंबाने निघत होते आणि त्यांना काढण्यासाठी मी भट्टी लावून बसलो होतो.

"राहू दे," मी म्हणालो.

तेवढ्यात बायको आली. तिने दारातच नाक वर केलं. आईला वासात सासरे दिसले होते, बायकोला नवरा दिसला. "धुऊन ठेवणार होतात ना?" एवढंच ती म्हणाली. मी अ‍ॅसिटोनने धुतल्याचं सांगितलं, तर तिने बाटलीवरचा धोक्याचा इशारा मला दाखवला. त्या दिवशी भट्टी ओवळी झाली. तिच्यात यापुढे खायचं काही शिजणार नाही, असा ठराव झाला, आणि लेपाच्या सूचनांमध्येही हेच लिहिलेलं असल्यामुळे मला अपील करता आलं नाही.

म्हणजे आता आमच्याकडे रिकामी भट्टी होती, अर्धी बाटली लेप होता, आणि भाचा होता. या तिन्ही गोष्टी एका घरात फार काळ शांत राहू शकत नाहीत. त्याने घरभर नजर फिरवली आणि न्हाणीघराची कडी काढली. ती कडी अगदी नवी, बिनवारशाची, कोणाच्याही आठवणी नसलेली. तिला मुरायला वेळच मिळाला नव्हता. नागपूरला नेऊन त्याने तिच्यावर वाळूचा मारा करून आणला, दोन दिवस गेले. मग शिवायचं नाही, फवारायचं, टांगायचं, १२१ अंश, दोन तास. एवढा काळ न्हाणीघराला कडी नव्हती. आत जाणाऱ्याने मोठ्याने गाणं म्हणायचं, असं ठरलं. मला गाणी येत नाहीत म्हणून मी पाढे म्हणत होतो. तेवीसच्या पाढ्यापर्यंत गेलो की आईला कळायचं, की मला बद्धकोष्ठ आहे.

कडी मात्र उत्तम झाली. काळी, मंद चमकणारी, पाणी टाकलं की मोती. पाहुणे आले की भाचा त्यांना आधी न्हाणीघर दाखवतो. सहा जणांच्या ओल्या हातांनी दिवसाला वीसदा ओढूनही तिच्यावर ओरखडा नाही. आज आमच्या घरातली सर्वांत टिकाऊ वस्तू ती आहे. अमेरिकेत जो लेप बंदुकीवर चढतो, तो आमच्याकडे न्हाणीघराची राखण करतो. एका अर्थी तिथेही संरक्षणाचंच काम आहे, आणि पिकाच्या संरक्षणापेक्षा यश अधिक.

पट्टी परत दस्त्यावर चढली. दसऱ्याला मी बंदूक मांडीवर घेतली आणि आईने जवसाच्या तेलाचं फडकं माझ्या हातात दिलं. चोळायला घेतल्यावर कळलं, की हे काम पाच मिनिटांचं नाही. तासभर लागतो, आणि त्या तासात दुसरं काही करता येत नाही. हात तेलकट असल्यामुळे मोबाइलसुद्धा घेता येत नाही. गंज गेला नाही, पण लाजला. तीन वर्षांची गॅरंटी कोणी दिली नाही. पुढच्या दसऱ्याला परत बसावं लागेल, ही गॅरंटी मात्र आईने दिली.

पूजा मांडली. बंदूक, कोयता, विळा, नांगराचा फाळ, माझं जुनं फाउंटन पेन. आणि अंगणात भाच्याची मोटारसायकल, हार घालून. त्याने परंपरेप्रमाणे टाकीवर पेलाभर पाणी ओतलं. मोती झाले. सगळे कौतुकाने बघत होते. आईही बघत होती. तिला ते पाणी टाकीवर न टिकता घरंगळून गेलेलं बघवलं नसावं. कोणाला काही कळायच्या आत ती पुढे झाली, आणि हातातल्या जवसाच्या तेलाच्या फडक्याने तिने पूर्ण टाकी, मागचा पुढचा दिवा, सीट आणि नंबरप्लेटसकट, खांदशेकणीच्या गतीने, मायेने चोळून काढली.

भाच्याच्या तोंडून आवाज निघाला नाही. टाकीवर रस्त्याची धूळ येऊन बसायला लागली होती.

"आता नाई लागत गंज," आई म्हणाली, आणि फडकं दोरीवर पसरून टाकलं.